साडूंची एकोणतीस गाणी

जगातल्या कुठल्याही वस्तूवर गाणं होऊ शकतं, यावर माझ्या थोरल्या साडूंचा जेवढा विश्वास आहे, तेवढा भल्याभल्यांचा देवावरही नसेल. समुद्र, चंद्र, आठवण यांच्यावर कुणीही लिहील. साडूंनी स्वतःच्या घराच्या मागच्या दारावर लिहिलं आहे, कारण ते दार करकरतं आणि त्यांच्या मते ते करकरणं नसून सासरी नांदणाऱ्या सुनेचं गाऱ्हाणं आहे. शेजाऱ्यांच्या आळशी कोंबड्यावर त्यांची तीन गाणी आहेत. एकदा दाढ काढायला ते दवाखान्यात गेले होते, तर खुर्चीत आडवे पडून तोंड उघडं असतानाच त्यांना मुखडा सुचला. सांगता येईना, लिहिता येईना, म्हणून त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरून ठेवला. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन टोचलं. ‘‘त्या दुसऱ्या इंजेक्शनान माज्यो दोन ओळी बधिर झाल्यो,’’ असं साडू आजही हळहळून सांगतात. दाढेबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि साडूंना मी भावोजी म्हणतो. ते मला ‘मास्तर’ म्हणतात, कारण मी सावंतवाडीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्यांचं घर शिरोड्याला, बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर. सगळी नोकरी त्यांनी वीज खात्यात लाइनमन म्हणून काढली. पंचक्रोशीतला असा खांब नसेल ज्यावर ते चढले नाहीत, आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे असा खांब नाही ज्यावर त्यांना काही सुचलं नाही. एकदा भर दुपारी एका लग्नघरातली वीज गेली. साडू खांबावर चढले आणि बराच वेळ खाली उतरेचनात. मांडवात पंखे बंद, भटजी घामाघूम, नवरदेवाच्या कपाळावरून गंध ओघळून नाकापर्यंत आलेलं. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सहकाऱ्याने ओरडून विचारलं, काय अडलंय? वरून उत्तर आलं, ‘‘मांडवाक जुळणारो शब्द सांग रे, तांडव नको!’’ वीज आली तेव्हा नवरीला हळद लावल्यापासून तिच्या पाठवणीपर्यंतचं अख्खं गाणं तयार होतं, आणि त्याच मांडवात, त्याच माइकवर ते गायलं गेलं. त्यामुळे तक्रार कुणी करायची, हा प्रश्नच उरला नाही.

निवृत्त झाल्यावर खांब गेले आणि साडूंची मोठी पंचाईत झाली. जमिनीवर बसून त्यांना काही सुचेना. वर्षभर ते चिडचिडत राहिले. शेवटी अक्काने घरातली जुनी शिडी काढली, परसातल्या फणसाला टेकवली आणि म्हणाली, ‘‘चढा.’’ तेव्हापासून आजपर्यंत साडू शिडीच्या सातव्या पायरीवर बसून गाणी लिहितात. सहावीवर सुचत नाही, आठवीवर चक्कर येते. चहा अक्का खालून काठीला अडकवलेल्या किटलीतून देते. लिहायला त्यांच्याकडे नोकरीच्या काळात बाद झालेल्या कोऱ्या तक्रारवह्या आहेत. त्या वह्यांत रकाने छापलेले असतात आणि साडूंना छापील रकान्याचा फार आदर आहे. म्हणून ‘तक्रारदाराचे नाव’ या रकान्यात ते गाणं ज्याच्यावर आहे त्याचं नाव लिहितात, ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात गाणं लिहितात आणि ‘निवारण’ या रकान्यात त्याची चाल. तक्रारदार : कोंबडो. तक्रारीचे स्वरूप : चार कडवी. निवारण : आरतीसारखी, जरा जलद.

गेल्या मे महिन्यात आमच्या सावंतवाडीच्या घराचे वासे बदलायला काढले. सगळं छप्पर उघडं, त्यामुळे शाळेच्या सुटीत आम्ही नवराबायको महिनाभर शिरोड्याला जाऊन राहिलो. त्याच सुमारास माझी मुलगी, जी पुण्याला असते, तिने एक उद्योग करून ठेवला. मोबाईलवर कुठलासा गाणी लिहिणाऱ्यांचा ग्रुप होता. त्यांनी आव्हान काढलं होतं की तीस दिवस रोज एक नवं गाणं लिहायचं, स्वतः चाल लावून म्हणायचं आणि संध्याकाळच्या आत ग्रुपवर टाकायचं. विषय रोज सकाळी ते देणार. मुलीने काकांना न विचारता त्यांचं नाव घातलं. मला वाटलं, साडू नाही म्हणतील. साडूंनी बातमी ऐकली, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘रोज एकच?’’

पहिल्या दिवशीचा विषय आला ‘कॉफी’. साडू सातव्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. मग वरून म्हणाले, ‘‘मास्तर, आमच्याकडे कॉफी कोण पिता? ताप इलेलो माणूस. मगे मी तापाचा गाणा लिवतंय.’’ आणि त्यांनी खरोखरच जायफळ घातलेली कॉफी पिऊन अंथरुणात घाम काढणाऱ्या माणसाचं गाणं लिहिलं. ध्वनिमुद्रण करण्याचं काम अक्काकडे होतं. ती मोबाईल गरम तव्यासारखा दोन बोटांत लांब धरून उभी राहायची, आणि तिला स्वयंपाकही उरकायचा असल्यामुळे हे सगळं चुलीच्या आसपासच चालायचं. दुसऱ्या दिवशीच्या गाण्यावर पुण्यामुंबईच्या लोकांनी फार आदराने विचारलं की मागे वाजणारं ते तालवाद्य कोणतं? अक्काने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं : ‘‘कुकर. तिसऱ्या शिट्टीला बंद केला.’’

साडूंचं गाणं मोबाईलवर जाण्याआधी गावात जायचं. ‘डोळे’ हा विषय आला, तेव्हा ग्रुपवरच्या बाकीच्यांनी प्रेयसीचे डोळे घेतले. साडूंनी बांगड्याचे घेतले. ताजा बांगडा डोळ्यांवरून ओळखतात, तसाच ताजा माणूसही, असा काहीतरी त्यात मोठा विचार होता. रोज दारावर मासे घेऊन येणारी बाई टोपली उतरवत होती, तोच साडूंनी शिडीवरून गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात शिळ्या बांगड्याच्या लाल डोळ्यांचं वर्णन आलं. बाईने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. ‘‘माज्या बांगड्याचे डोळे लाल म्हणतंस? सगळ्या गावात ऐकवतलंस? आदी ता गाणा बदल, नायतर उद्यापासून मी ह्या वाटेन येवचंय नाय.’’ साडूंनी तिथल्या तिथे लाल डोळे शिडीवरच्याच एका जागरण झालेल्या म्हाताऱ्याला देऊन टाकले. बाई प्रसन्न झाली आणि त्या दिवशी आम्हाला दोन बांगडे वर मिळाले. ‘‘टीकाकार असो होयो,’’ साडू जेवताना म्हणाले, ‘‘उपाशी ठेवण्याची ताकद असलेलो.’’

‘विरह’ आला तेव्हा तर कहर झाला. साडूंना खोटं लिहिता येत नाही. सकाळी विषय वाचून ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, ‘‘अगो, आरोंद्याक भावाकडे जाऊन ये गो. लय दिवस झाले तुका जाऊन.’’

अक्काने वळूनही पाहिलं नाही. ‘‘विषय काय इलो?’’

‘‘विरह.’’

‘‘आणि उद्या विषय बदलल्यार माका परत हाडूक कोण येतलो?’’

पण ती गेली. माझ्या बायकोलाही बरोबर घेऊन गेली, आणि दोघी बहिणी इतक्या आनंदाने गेल्या की विरह आम्हाला होतोय की त्यांना सुटका, तेच कळेना. घरात मी आणि साडू. दुपारी पेज करायला घेतली तर मीठ सापडेना. आम्ही दोघा कर्त्या पुरुषांनी मिठासाठी सगळं घर पालथं घातलं. मीठ चुलीजवळच्या डब्यात होतं, फक्त डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं होतं. त्या दिवशीचं साडूंचं गाणं असं सुरू झालं :

‘खंय ठेवलंस मीठ गो, माका सांगून जा,
अळणी झाला घर, एकदा येऊन जा.’

ग्रुपवर त्या गाण्याला सगळ्यात जास्त बदाम आले. कुणी लिहिलं, मीठ हे प्रतीक अप्रतिम आहे. साडूंनी मला विचारलं, ‘‘प्रतीक म्हणजे काय?’’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्यांका सांगा, पेज खरीच अळणी होती.’’

सगळं असं मजेत चाललं होतं. पण सहाव्या-सातव्या दिवसापासून ग्रुपवर एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसू लागलं. ‘शब्द फार सुंदर. चाल कालचीच आहे का?’ आणि मग, ‘चाल परवाचीच आहे का?’ आठव्या दिवशी आव्हान चालवणाऱ्या मुलीने अगदी अदबीने लिहिलं की काका, नियम असा आहे की चालही रोज नवी हवी. साडूंनी ते वाचलं आणि वही उघडली. मी मागून पाहिलं. निवारणाच्या रकान्यात आठही दिवस एकच उत्तर होतं : आरतीसारखी. कुठे जरा जलद, कुठे जरा सावकाश.

नवव्या दिवशी सकाळी ते शिडीवर चढले, दुपारी उतरले आणि जेवून पुन्हा चढले. संध्याकाळ झाली. शब्द तयार होते, चाल नव्हती. अक्का मोबाईल धरून खाली उभी राहिली आणि शेवटी तो पदराला पुसून आत घेऊन गेली. त्या दिवशी गाणं गेलं नाही. साडू जेवायला बसले, पण त्यांनी भातावर एकही ओळ केली नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर अक्काने मला सगळी हकिकत सांगितली. ती मला अर्धवट माहीत होती. साडूंच्या गाण्यांना पूर्वी चाली लावायचे ते बाजारातले एक दुकानदार. कोकणी मुसलमान, साडूंच्याच वयाचे, मासेमारीच्या जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान. गावात सगळे त्यांना जाळेवाले म्हणतात. हे जाळेवाले बुलबुल वाजवायचे. बुलबुल म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. पंचवीसेक वर्षं या जोडीने लग्नात, बारशाला, उरुसात आणि नाताळातही गाणी केली. मग एकदा एका नव्या होडीला पाण्यात उतरवायचं गाणं ठरलं. साडूंनी लिहिलं होतं, ‘हळूहळू जा गो होडये, दर्यो अजून निजता.’ जाळेवाल्यांच्या चालीत तो शब्द बसेना. त्यांनी गाताना सरळ ‘हळू जा गो होडये’ म्हटलं. साडूंनी चारचौघांत हात वर करून गाणं थांबवलं.

‘‘माजो एक हळू खंय गेलो?’’

‘‘चालीत बसणा नाय. एका हळूत होडी बुडता काय?’’

‘‘एकदा हळू म्हटल्यार ता हुकूम होता. दोनदा म्हटल्यार माया.’’

‘‘तुजे शब्द म्हणजे ओली लाकडा रे, कितीय फुंकलंय तरी पेटणत नाय!’’

होडी वाट पाहून बिनगाण्याची उतरली आणि दोघे मित्र आपापल्या घरी गेले. त्याला अकरा वर्षं झाली. एका ‘हळू’साठी अकरा वर्षं साडू जाळ्यांच्या दुकानावरून गेले नाहीत. बाजारात जायला ते चर्चच्या मागून लांबचा वळसा घालतात आणि विचारलं तर सांगतात, व्यायाम होतो. ‘‘आणि थंयसून तो इचारता,’’ अक्का म्हणाली, ‘‘मी दोरी घेवक गेलंय की पयलो प्रश्न, तुमचे घोव अजून खांबार चढतत काय? मास्तर, उद्या तुमीच जावा. ह्यांका जावक जमाचा नाय.’’

दुसऱ्या दिवशी मी तक्रारवही पिशवीत घालून जाळ्यांच्या दुकानात गेलो. जाळेवाले गल्ल्यामागे बसले होते, दोन्ही हात मांडीवरच्या जाळ्याखाली. मी आव्हानाचं सगळं सांगितलं. त्यांनी वही समोर पसरायला सांगितली, हात न लावता नववं आणि दहावं गाणं वाचलं, आणि निवारणाच्या रिकाम्या रकान्यावर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. मग डोळे मिटून ते गुणगुणू लागले. मी घाईने मोबाईल काढला. ‘‘तो ठेवा,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या घरात माजो आवाज जावचो नाय. चाल तुमी घेऊन जावा. आणि माजी म्हणून सांगू नकात.’’

आता मला गाण्यातलं काहीही कळत नाही. घरात मी गुणगुणलो तर बायको विचारते, पोटात दुखतंय का? अशा माणसाने एक चाल बाजारातून घरापर्यंत न्यायची होती. काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तसा मी ती तोंडातल्या तोंडात घोळवत निघालो. कुणी ओळखीचा दिसला की मान फिरवायचो. चर्चपर्यंत चाल शाबूत होती. तिथे एक मोटार थांबली आणि काच खाली करून पर्यटकांनी बीचचा रस्ता विचारला. मी रस्ता सांगितला आणि चाल तिथेच सांडली. परत दुकानात गेलो. जाळेवाल्यांनी निमूटपणे पुन्हा गुणगुणली. दुसऱ्या खेपेला पोचलो, पण घरी जे पोचलं ते बहुधा अर्धंच होतं.

मी शिडीखाली उभा राहून सांगितलं, ‘‘भावोजी, मला एक चाल सुचली आहे.’’ आणि म्हणून दाखवली.

साडूंनी सातव्या पायरीवरून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर, तुमका चाल सुचली? तुमच्या शाळेची घंटा आणि आइस्क्रीमवाल्याची घंटा ह्यातलो फरक तुमका कळणा नाय.’’  मग ते स्वतःशीच हळू आवाजात ती चाल म्हणू लागले, आणि दुसऱ्या ओळीपाशी अडले. ‘‘ही हंय खाली येवची नाय. त्याची आसा तर ही वर जातली.’’

ते शिडीवरून उतरले. शर्ट घातला, वही काखेत मारली आणि निघाले. मी मागोमाग. चर्चच्या मागचं वळण आलं आणि ते तिकडे वळलेच नाहीत, सरळ बाजाराच्या रस्त्याला लागले. दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. आत एक गिऱ्हाईक दोरी निवडत होतं, ते दोघांकडे पाहून दोरी ठेवून बाजूला झालं. अख्ख्या गावाला ते प्रकरण ठाऊक होतं.

जाळेवाल्यांनी मान वर केली. ‘‘काय होया? जाळा?’’

‘‘नाय.’’

‘‘दोरी?’’

‘‘नाय. दुसरी ओळ वर जाता काय खाली?’’

‘‘वर. मास्तरांनी खाली हाडल्यानी.’’

‘‘माका म्हायत होता,’’ साडू म्हणाले आणि पायरी चढून आत आले. ‘‘बुलबुल खंय आसा? काड. नीट बसवूया.’’

जाळेवाले जागचे हलले नाहीत. त्यांनी जाळ्याखालून हात बाहेर काढले आणि गल्ल्यावर ठेवले. दोन्ही हात थरथरत होते. नुसते ठेवलेले असूनही गल्ल्यावरचा दोरी मोजायचा पितळी गज त्यांच्या बोटांखाली बारीक खडखडत होता. ‘‘अडीच वर्सा झाली,’’ ते म्हणाले. ‘‘एक बटान दाबूक जातंय, तीन दाबतत. गोळये चालू आसत. दोनदा तुका सांगण धाडूचा म्हटलंय. मगे म्हटलंय, हातांसाठी दया करून येतलो, तर नको.’’

साडू त्या हातांकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते चुकेल. पण आयुष्यभर सगळ्यावर ओळी जुळवणारा तो माणूस एक शब्द बोलला नाही. त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेलं बुलबुल काढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि ते जाळेवाल्यांच्या नव्हे, स्वतःच्या मांडीवर घेतलं.

‘‘सांग,’’ ते म्हणाले. ‘‘खंयचा बटान?’’

त्या दिवसापासून पुढचे वीस दिवस दुपारचं जेवण झालं की साडू जाळ्यांच्या दुकानात. शब्द साडूंचे, चाल जाळेवाल्यांच्या गळ्यातली आणि बोटंही साडूंचीच. ही बोटं म्हणजे तारा ओढून ओढून केळ्यांसारखी झालेली. एका बटणाच्या जागेत त्यांचं एक बोट कधीच मावलं नाही, शेजारचं अर्धं बटण नेहमी सोबत यायचं. ‘‘अरे मेल्या, ता वाद्य आसा, मीटर न्हय!’’ जाळेवाले ओरडायचे. ‘‘मगे बटना मोठी करून घे,’’ साडू म्हणायचे. मे अखेर म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायचे दिवस, जाळी दुरुस्त करायला आणणाऱ्यांची दुकानात गर्दी. ते लोक पायरीवर बसून राहायचे आणि साडूंचं बोट चुकलं की जाळ्यातून मान वर न काढता ‘‘एक आलाड’’ किंवा ‘‘एक पलाड’’ म्हणून, म्हणजे एक बटण अलीकडे की पलीकडे ते, सांगायचे. पाचसहा दिवसांत अख्खा किनारा बुलबुल शिकला, साडू सोडून. घरी आल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर वहीत नवव्या गाण्याखाली एक नवी तक्रार नोंदवली. तक्रारीचे स्वरूप : चाल नाय. निवारण : बाजारातून सरळ गेलंय.

पंचविसाव्या दिवशी विषय आला ‘माफी’. मी मोबाईलवर तो वाचून दाखवला आणि दुकानात सगळे एकदम आपापल्या कामाला लागले. साडू वही बघू लागले, जाळेवाले छत. त्या दोघांनी एकमेकांची माफी मागितली नव्हती आणि मागणार नाहीत हे उघड दिसत होतं. तासाभराने साडूंनी वही पुढे सरकवली. त्यात माफी हा शब्दच नव्हता. फाटलेलं जाळं शिवणाऱ्या माणसाचं गाणं होतं. ‘हळूहळू ओढ दोरो, गाठ बसूक दी, तुटला थंय आता बग, सगळ्यात घट्ट ती.’ जाळेवाल्यांनी ते मनात वाचलं. ओठ हलत होते. मग त्यांनी अशी चाल लावली की पहिल्या शब्दाला दोन हळूंना पाय पसरून बसता येईल एवढी जागा होती. गाताना त्यांनी ते दोन्ही म्हटले. साडू बटणांवर वाकून बसले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. शेजारचं अर्धं बटण मात्र त्या दिवशी जरा जास्तच वाजलं.

तिसाव्या दिवशी आव्हान संपलं. तीसही गाणी करणाऱ्यांना ग्रुपने प्रशस्तिपत्र दिलं. साडूंची एकोणतीस झाली होती. आव्हान चालवणारी ती मुलगी भली होती. तिने लिहिलं, काका, नवव्या दिवसाचं एक आता पाठवून द्या, आम्ही धरू. साडूंनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, ‘‘त्या दिवशी गाणं झालं नाही, हे खरं आहे. ते तसंच राहू द्या.’’ कार्यालयीन कामकाज असल्यासारखं त्यांनी ते प्रमाण मराठीत सांगितलं. मग मला म्हणाले, ‘‘त्या दिवशी गाणा झाला असता, तर मी बाजारात कित्याक गेलो असतंय?’’

जूनमध्ये आमचं छप्पर झालं आणि आम्ही सावंतवाडीला परतलो. पावसाळ्यात जाळेवाल्यांची तब्येत उतरली. त्यांची मुलगी वेंगुर्ल्याला असते, ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो. साडू दर सोमवारी सकाळच्या एसटीने वेंगुर्ल्याला जातात. बुलबुल उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर घेतात, कंडक्टरने वर ठेवायला सांगितलं तरी ठेवत नाहीत. दुपारपर्यंत तिथे बसतात आणि अक्काने दिलेला डबा दोघांत खाऊन परत येतात. अक्का सांगते, आता सोमवारी शिडी मोकळी असते म्हणून ती स्वतः चढून बघून आली. सुचलं काही नाही, पण समुद्र दिसला.

गेल्या सोमवारी मधल्या सुटीत शाळेच्या व्हरांड्यात माझा फोन वाजला. साडू होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ बुलबुल वाजू लागलं. एक संथ चाल होती, अडखळत, पण शेवटपर्यंत गेली. गाणं काही सुरू झालं नाही. मी विचारलं, ‘‘भावोजी, शब्द?’’

‘‘शब्द नाय घातलंय,’’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘त्याची जीभ अडता आता मास्तर. बोलाक जाता तर अर्धा तोंडातच रवता. चाल मात्र सरळ येता, काय्येक अडणा नाय. मगे मीच एकटो शब्द घेऊन काय करू थंय? आता आमी असाच बोलतो.’’

 पलीकडे कुणीतरी बारीक खोकलं, मग हसल्यासारखं झालं.

‘‘बरी झाली मा?’’ साडूंनी विचारलं.

‘‘बरी झाली,’’ मी म्हटलं. ‘‘फार बरी झाली.’’

‘‘मगे थांबा. अजून एक आसा.’’

सुटी संपल्याची घंटा होऊन गेली. मुलं वर्गात जाऊन बसली, आणि मी फोन कानाला लावून व्हरांड्यात तसाच उभा राहिलो.